युद्धे थांबल्यावर सामुराई काय करत होते?

नीलकंठ (धागाकर्ता):

गेले काही महिने जपानचा इतिहास सवडीने वाचत आहे आणि एका ठिकाणी येऊन अडलो आहे. १६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ मध्ये तोकुगावा इएयासु शोगुन, म्हणजे सम्राटाच्या नावे राज्य करणारा लष्करी शासक, झाला, १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. त्यानंतर १६३७-३८ चे शिमाबाराचे बंड सोडले, तर थेट १८६० च्या दशकापर्यंत जपानमध्ये मोठे युद्ध झालेच नाही. म्हणजे ज्या वर्गाची ओळखच कमरेच्या दोन तलवारींनी होत असे, त्या वर्गाच्या आठ-दहा पिढ्या रणांगण न पाहता जगल्या आणि गेल्या. लढाईच नसेल तर या माणसांचा उदरनिर्वाह कशावर चालत होता, आणि त्यांचा दिवस कसा जात होता? ‘बुशिदो’ म्हणून जी आचारसंहिता आज सांगितली जाते, ती खरोखर रणांगणावर घडली की या शांततेच्या काळात? आणि शेवटचा प्रश्न असा, की एवढा मोठा शस्त्रधारी वर्ग १८७० च्या दशकात अवघ्या काही वर्षांत विसर्जित कसा होऊ शकला? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शरयू:

आपल्या पहिल्या प्रश्नापुरते लिहिते, कारण माझ्या मते बाकीच्या दोन्ही प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

तोकुगावांच्या आधी जपानवर सत्ता असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने दोन हुकूम काढले होते. १५८८ मध्ये त्याने शेतकऱ्यांकडून तलवारी, भाले आणि बंदुका काढून घेतल्या. क्योतोतील बुद्धाच्या महामूर्तीच्या कामासाठी खिळे-पट्ट्या हव्यात, असे कारण तेव्हा पुढे केले गेले. १५९१ मध्ये त्याने सामुराईने शेतकरी किंवा व्यापारी होण्यावर बंदी घातली. तोवर एरवी जमीन कसणारा आणि प्रसंग पडला की भाला घेऊन निघणारा माणूस गावोगाव असे. आता शस्त्र ठेवायचे तर गाव सोडून धन्याच्या किल्ल्याभोवती वसलेल्या शहरात राहायचे, आणि गाव धरून राहायचे तर शस्त्र सोडायचे, अशी निवड त्याला करावी लागली. सात्सुमा आणि तोसा यांसारख्या काही संस्थानांत ग्रामीण सामुराई टिकून राहिले, पण बहुतेक ठिकाणी सामुराई शहरी झाला आणि त्याचा जमिनीशी असलेला संबंध तांदळाच्या वार्षिक नेमणुकीपुरता उरला.

ही नेमणूक ‘कोकू’ या मापात मोजली जाई. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात साधारण १५० किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतके धान्य, असा त्यामागचा ढोबळ हिशेब होता. कानाझावाच्या कागा संस्थानाचे उत्पन्न दहा लाख कोकूंहून अधिक होते, तर शोगुनच्या खालच्या दर्जाच्या चाकरांना काही दशके कोकूंवर अख्खे घर चालवावे लागे. नेमणूक बापाकडून मुलाकडे जाई आणि सहसा वाढत नसे. शहरातील खर्च मात्र वाढत होता, आणि तो नगद नाण्यात करावा लागत होता. म्हणून शोगुनच्या राजधानीत, एदोमध्ये (आजचे तोक्यो), असाकुसाच्या सरकारी कोठारांजवळ ‘फुदासाशी’ नावाचे दलाल उभे राहिले. ते सामुराईच्या वतीने तांदूळ उचलत, विकत आणि पैसे देत, आणि पुढच्या हंगामाच्या तांदळावर कर्जही देत. हे कर्ज इतके साचले की १७८९ मध्ये शोगुनचा प्रधान मात्सुदाइरा सादानोबू याने जुनी कर्जे सरसकट रद्द केली. दलालांनी त्यावर नवे कर्ज देण्याचे हात आखडले, त्यामुळे सामुराईंची अडचण काही मिटली नाही.

त्यांचा दिवस कसा जाई, हे कळायला कागाच्या इनोयामा घराण्याचा जमाखर्च पाहावा. हे घराणे संस्थानाच्या हिशेबखात्यात नोकरीला होते, म्हणजे पिढीजात कारकून. त्यांची १८४२ ते १८७९ या काळातील घरखर्चाची वही इतिहासकार इसोदा मिचिफुमी यांना जुन्या कागदपत्रांत मिळाली. तिच्यावरून दिसते की वही सुरू झाली तेव्हा घरावरचे कर्ज वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट होते. नोकरचाकर, नातेवाइकांकडील लग्नकार्ये, भेटवस्तू आणि दर्जाला साजेसा पोशाख हे खर्च टाळता येत नव्हते, कारण ते टाळणे म्हणजे सामुराईपण सोडणे. अखेर घरातील चीजवस्तू विकून त्यांनी कर्जाचा मोठा भाग फेडला. त्याच काळात मुलाच्या एका मंगल प्रसंगी शुभ मानला जाणारा ‘ताय’ मासा मांडायचा होता, तो परवडेना म्हणून माशाचे चित्र मांडले गेले. मला या एका नोंदीतून त्या वर्गाची स्थिती जितकी कळली, तितकी लढायांच्या वर्णनांतून कळली नव्हती.

प्रत्येकाला अशी नोकरीही मिळत नसे. पदे थोडी आणि माणसे फार, अशी स्थिती होती. शोगुनचा थेट चाकर असलेला कात्सु कोकिची (१८०२–१८५०) याची नेमणूक ४१ कोकूंची होती. पद मिळावे म्हणून तो वरिष्ठांच्या दारी खेटे घालत राहिला, पण त्याला आयुष्यात कधी पद मिळाले नाही. तलवारींची पारख आणि खरेदी-विक्री करून त्याने दिवस काढले. त्याचा मुलगा कात्सु काइशू पुढे शोगुनच्या आरमारात चढला आणि १८६८ मध्ये शोगुनविरोधी फौजेचा सेनानी साइगो ताकामोरी याच्याशी बोलणी करून त्याने एदोचा किल्ला रक्तपाताशिवाय सोपवला. अशी बढती विरळाच. फुकुझावा युकिची हा नाकात्सु संस्थानातील खालच्या दर्जाचा सामुराई. त्याने लिहून ठेवले आहे की तेथे सुमारे दीड हजार सामुराईंमध्ये वरचे आणि खालचे असे दोन थर होते, त्यांच्यात लग्ने होत नसत, बोलण्याची ढब वेगळी होती, आणि अडीचशे वर्षांत खालून वर चढलेले तीन ते पाचच असावेत. खालच्या थरातील घरांमध्ये सूत कातण्यासारखी जोडकामे चालत, तर एदोतील पुष्कळ गरीब सामुराई छत्र्या बनवून, रोपे वाढवून किंवा सोनमासे पाळून घर चालवत.

जुनी_पाने:

शरयू यांनी आर्थिक बाजू उत्तम मांडली आहे. बुशिदोच्या प्रश्नाचे उत्तर देताना मी ठामपणे म्हणेन, की आज ज्याला आपण सामुराईची नीती म्हणतो ती बहुतांशी शांततेच्या काळात लिहिली गेली, आणि तिचा जगभर प्रसार सामुराई वर्ग संपल्यावर झाला. रणांगणावरच्या सामुराईचे त्याच्या धन्याशी असलेले नाते बरेच व्यवहाराचे होते. तो लढे आणि त्याबद्दल जमीन मागे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ताकेझाकी सुएनागाची चित्रगुंडाळी. १२७४ मध्ये मंगोलांनी क्यूशू बेटावर स्वारी केली, तेव्हा हिगो प्रांतातील हा छोटा सामुराई मोजक्या साथीदारांसह पुढे घुसला आणि घायाळ झाला. बक्षीस मात्र आले नाही. तेव्हा १२७५ मध्ये त्याने घोडे आणि खोगिरे विकून वाटखर्च उभा केला आणि तो थेट कामाकुराला, म्हणजे तेव्हाच्या शोगुनांच्या राजधानीला, गेला. तेथे सोबत लवाजमा नसलेल्या माणसाला कोणी दाद देईना. शेवटी अदाची यासुमोरी या बड्या अधिकाऱ्याची गाठ पडली. त्याने विचारले, की तू शत्रूची शिरे आणलीस का, तुझी माणसे पडली का? सुएनागाने सांगितले, की तसे काही नाही, पण मी सर्वांच्या आधी चढाई केली. हे खोटे ठरले तर माझे शिर घ्यावे. त्याला जमिनीचा हक्क मिळाला आणि यासुमोरीने वर एक घोडाही दिला. पुढे सुएनागाने हा सारा प्रसंग चित्रित करून घेतला. त्या चित्रांत मंगोलांचा स्फोटक गोळा हवेत फुटताना आणि त्याचा घोडा रक्तबंबाळ होऊन उसळताना दिसतो. आपल्या पराक्रमाचा मोबदला मागण्यात या माणसाला जराही कमीपणा वाटत नाही, उलट तो ते अभिमानाने नोंदवून ठेवतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

स्वामिनिष्ठेचीही तीच गत होती. सेकिगाहाराच्या लढाईचा निकाल लावला तो कोबायाकावा हिदेआकीने ऐन वेळी बाजू बदलून, आणि इएयासुने त्याला मोठी जहागीर दिली. मग निष्ठेसाठी हसत मरण्याचा आदर्श आला कोठून? त्याचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ ‘हागाकुरे’ हा सागा संस्थानातील यामामोतो त्सुनेतोमो याच्या बोलण्यावरून १७१६ च्या सुमारास पूर्ण झाला. त्सुनेतोमो एकाही लढाईत उतरलेला नव्हता. त्याचा धनी १७०० मध्ये वारला, तेव्हा धन्यामागोमाग आत्महत्या करण्यास संस्थानात आणि शोगुनच्या कायद्यानेही मनाई होती, म्हणून त्याने मुंडण करून संन्यास घेतला. मरणाविषयीची त्याची तळमळ समजून घेताना ही मनाई विसरून चालणार नाही. शिवाय हा ग्रंथ सागाबाहेर दीर्घकाळ फारसा कोणी वाचलाही नव्हता. त्याचा गाजावाजा विसाव्या शतकातला, आणि त्यातही युद्धखोर राजवटीने केलेला.

सत्तेचाळीस रोनिनांची (धनी गमावलेल्या सामुराईंची) हकिकत याच दृष्टीने पाहावी. १७०१ मध्ये आको संस्थानाचा प्रमुख असानो नागानोरी याने एदोच्या किल्ल्यात किरा योशिनाकावर तलवार उपसली, म्हणून त्याला त्याच दिवशी सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचे पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली. निराश्रित झालेल्या त्याच्या चाकरांनी १७०३ च्या जानेवारीत किराच्या वाड्यात शिरून त्याचे शिर कापले आणि ते सेनगाकुजी मंदिरात धन्याच्या थडग्यापुढे ठेवले. नाटकांमुळे ही कथा घरोघरी पोहोचली, पण त्या वेळच्या विद्वानांत तिच्यावरून कडाक्याचा वाद झाला होता, हे फारसे सांगितले जात नाही. हायाशी होको यांच्यासारख्यांनी त्यांची स्तुती केली. सातो नाओकाता यांनी म्हटले, की किराने असानोला मारलेच नव्हते, शिक्षा शोगुनच्या न्यायाने झाली, तेव्हा हा सूड कशाचा? ओग्यू सोराई यांच्या नावावर असलेले मत असे, की कृत्य निष्ठेचे असले तरी ते खासगी आहे आणि कायदा सार्वजनिक आहे, म्हणून मरण द्यावे, पण ते मानाचे द्यावे. शिक्षा तशीच झाली आणि सत्तेचाळीसांपैकी ४६ जणांनी सेप्पुकू केले. लढाया थांबलेल्या समाजात योद्ध्याची निष्ठा आणि राज्याचा कायदा यांची एकत्र सोय कशी लावायची, हा तो खरा पेच होता, आणि माझ्या मते कथेचे मोल त्या पेचात आहे.

‘बुशिदो’ हा विषय जगाला माहीत झाला तो नितोबे इनाझो यांच्या १९०० साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाने. नितोबे मोरिओकाच्या सामुराई कुटुंबातले, धर्माने ख्रिस्ती. त्यांनी ते आजारपणात कॅलिफोर्नियात लिहिले आणि त्याचे जपानी भाषांतर १९०८ मध्ये झाले. पुस्तक तळमळीने लिहिलेले आहे, यात शंका नाही. परंतु पाश्चात्त्यांच्या शिव्हलरीसमोर (मध्ययुगीन सरदारांच्या शौर्यनीतीसमोर) जपानची नैतिक परंपरा उभी करावी, या हेतूने ते लिहिले गेले. त्यावरून तेराव्या किंवा सोळाव्या शतकातील सामुराई ओळखू पाहणे योग्य होणार नाही.

मांडवीकाठ:

चर्चा उत्तम चालली आहे. थोडी भर घालतो, कारण या इतिहासाचा एक धागा गोव्यातून जातो. क्यूशूतील ओतोमो, ओमुरा आणि आरिमा या ख्रिस्ती झालेल्या सरदारांच्या नावे सामुराई घराण्यांतील चार किशोर १५८२ मध्ये नागासाकीहून युरोपला निघाले. इतो मान्शो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियन आणि हारा मार्तिन्यो ही त्यांची नावे. मकाव, मलाक्का आणि कोचीमार्गे ते गोव्याला आले, पुढे लिस्बनला आणि मग रोमला पोपच्या भेटीला गेले. परतताना १५८७ मध्ये हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले. त्याच वर्षी हिदेयोशीने पाद्र्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. १५९० मध्ये हे चौघे घरी पोहोचले ते छापखान्याची यंत्रसामग्री घेऊनच, पण त्यांनी सोडलेला जपान आता उरला नव्हता. नाकाउरा जुलियनला १६३३ मध्ये नागासाकीत हालहाल करून मारण्यात आले. तोकुगावांच्या शांततेचे कौतुक करताना तिची ही किंमतही मोजावी, असे मला वाटते. शिमाबाराच्या बंडात ख्रिस्ती शेतकऱ्यांबरोबर धनी गमावलेले कितीतरी सामुराई होते, आणि बंड मोडल्यावर तेथे सरसकट कत्तल झाली.

नीलकंठ:

सर्वांचे मनापासून आभार. सुएनागाची हकिकत मला ठाऊक नव्हती. तिसरा प्रश्न अद्याप बाकी आहे, आणि त्याला एक जोडप्रश्न विचारतो: या वर्गातील स्त्रियांचे काय झाले?

मुक्काम_ओसाका:

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शरयू यांच्या प्रतिसादात अर्धे आलेलेच आहे. जमिनीपासून तुटलेल्या आणि नेमणुकीवर जगणाऱ्या वर्गाला संपवायला लढाई लागत नाही. नेमणूक थांबवली की पुरते. ज्याच्या मालकीची जमीन असते तो तिच्यावर पाय रोवून उभा राहू शकतो, पण सामुराईच्या हाती केवळ कोठारातून तांदूळ मिळण्याचा हक्क होता, आणि १८७१ मध्ये संस्थाने बरखास्त झाल्यावर ती कोठारे नव्या मेइजी सरकारच्या, म्हणजे १८६८ मध्ये शोगुनची राजवट जाऊन सम्राटाच्या नावे आलेल्या सरकारच्या, ताब्यात गेली. सरकारच्या खर्चाचा सुमारे तिसरा हिस्सा या नेमणुकांवर जात होता. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि लढण्याची मक्तेदारी गेली. १८७६ मध्ये दोन घाव एकाच वर्षी पडले. मार्चमध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास मनाई झाली, आणि ऑगस्टमध्ये सर्व नेमणुका सक्तीने सरकारी रोख्यांत बदलण्यात आल्या. सुमारे ३ लाख १० हजार लोकांना हे रोखे मिळाले. वरच्यांना त्यातून भांडवल मिळाले, खालच्यांना मिळणाऱ्या व्याजावर चूल पेटणेही कठीण होते, आणि पुढच्या महागाईने तेही गिळले.

विरोध झाला नाही असे नाही. सागा, कुमामोतो, आकिझुकी आणि हागी येथे बंडे झाली. १८७७ मध्ये सात्सुमाहून साइगो ताकामोरी सुमारे १३ हजार माणसे घेऊन निघाला. सात्सुमात लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा सामुराई होता आणि त्यातले पुष्कळ जण गावांत, जमिनीवर राहत होते. सर्वांत मोठे बंड तेथेच व्हावे, हे मला योगायोगाचे वाटत नाही. कुमामोतोच्या किल्ल्यात भरतीच्या शिपायांची फौज पन्नासहून अधिक दिवस वेढ्यात तग धरून राहिली, आणि २४ सप्टेंबर रोजी कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर साइगो उरलेल्या काही शे माणसांसह संपला. शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती बंदूक दिली तर तो सामुराईपुढे टिकतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

पण बंड करणारे थोडे होते आणि नव्याने जगू पाहणारे फार, म्हणून मला त्यांच्याविषयी अधिक लिहावेसे वाटते. शोनाई संस्थान १८६८ च्या यादवीत नव्या सरकारविरुद्ध लढून हरले होते. तेथील सुमारे ३ हजार सामुराईंनी १८७२ पासून सध्याच्या त्सुरुओका शहराजवळचे जंगल तोडले, तुतीची लागवड केली आणि रेशीमकिड्यांसाठी मोठाली लाकडी घरे बांधली. पाडलेल्या त्सुरुगाओका किल्ल्याची कौले त्या घरांच्या छपरांवर चढवली गेली. त्यांतील काही घरे आजही मात्सुगाओका येथे उभी आहेत. शिझुओकाजवळच्या माकिनोहारा पठारावर शोगुनच्या जुन्या चाकरांनी चहाचे मळे लावले. तो भाग आजही चहासाठी नावाजलेला आहे. काहींनी रोखे एकत्र करून बँका काढल्या. सेन्दाईतील ७७ क्रमांकाची बँक १८७८ मध्ये अशीच निघाली आणि तिच्या नावात तो क्रमांक अजून टिकून आहे. पुष्कळ जण पोलीस, शिक्षक, सरकारी नोकर झाले. इनोयामा घराण्याचा मुलगा नव्या आरमाराच्या हिशेबखात्यात गेला आणि त्याचा पगार नातेवाइकांच्या मिळकतीच्या कितीतरी पटींनी अधिक झाला. अडीचशे वर्षे कारकुनी केलेल्या वर्गाला आधुनिक राज्य चालवायला जे लागते ते आधीच येत होते. माझ्या दृष्टीने सामुराईंचा सर्वांत मोठा वारसा हाच आहे, आणि चित्रपटांत तो दिसत नाही.

स्त्रियांविषयी: युद्धप्रसंग आला तेव्हा त्या लढल्याही. १८६८ मध्ये आइझूच्या वेढ्यात नाकानो ताकेको ही तरुणी नागिनाता (लांब दांड्याचे, पाते लावलेले शस्त्र) घेऊन स्त्रियांच्या तुकडीसह सरकारी फौजेवर चालून गेली आणि गोळी लागून पडली. तिचे शिर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते जवळच्या माणसांनी परत नेले. परंतु नंतरच्या काळाच्या दृष्टीने मला मात्सुशिरोच्या सामुराई कुटुंबातील वादा एइ महत्त्वाची वाटते. १८७२ मध्ये सरकारने तोमिओका येथे फ्रेंच यंत्रांची रेशीमगिरणी उभारली. परदेशी लोक मुलींचे रक्त पितात, अशी अफवा उठल्यामुळे कामगार मिळेनात. अशा वेळी १८७३ मध्ये एइ आपल्या गावच्या मुलींबरोबर तेथे गेली, काम शिकली, आणि परत येऊन तिने मात्सुशिरोजवळच्या नव्या गिरणीत इतरांना शिकवले. तिच्या आठवणी उपलब्ध आहेत आणि जपानच्या औद्योगिकीकरणाचा तो अस्सल दस्तऐवज मानला जातो.

शरयू:

मुक्काम_ओसाका, साइगोच्या बंडामागे ग्रामीण सामुराई होते, हे आपले निरीक्षण मोलाचे आहे. एक विचारते: १८७६ च्या बंदीनंतर तलवार घडवणाऱ्या लोहारांचे काय झाले, आणि आज तेथे तलवार ठेवण्याची परवानगी कोणाला मिळते?

मुक्काम_ओसाका:

बहुतेक लोहार सुऱ्या, कात्र्या आणि शेतीच्या अवजारांकडे वळले. सेकीसारख्या जुन्या तलवारींच्या गावाचे नाव आज स्वयंपाकघरातील सुऱ्यांसाठी घेतले जाते. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकन फौजेने तलवारी जप्त केल्या, त्यांतून कलावस्तू म्हणून ठरणाऱ्या तलवारींना १९४६ मध्ये सूट मिळाली आणि १९४८ मध्ये त्यांच्या जतनासाठी संस्था स्थापन झाली. या संस्थेने १९७७ मध्ये शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे ‘तातारा’ भट्टी पुन्हा पेटवली. मातीची ती भट्टी तीन दिवस-तीन रात्री सतत चालते, तिच्यात सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन कोळसा थोडाथोडा करून घातला जातो, आणि शेवटी भट्टी फोडून आतला अडीच टनांच्या आसपासचा ढेप बाहेर ओढला जातो. त्यातील तलवारीच्या लायकीचे पोलाद एक टनही भरत नाही, आणि ते देशभरातील परवानाधारक लोहारांना वाटले जाते. लोहाराला परवान्यासाठी जाणत्या उस्तादाकडे किमान पाच वर्षे उमेदवारी करावी लागते आणि त्यानंतर महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की नोंदणी तलवारीची होते, धारकाची नव्हे. प्रत्येक पात्याचे नोंदणीपत्र प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळते आणि ते पात्यासोबतच राहते. तलवार विकत घेणाऱ्याने किंवा वारशाने मिळालेल्याने ठरलेल्या मुदतीत मालकी बदलल्याचे तेथे कळवले की पुरते. जुन्या घरात, माळ्यावर किंवा कोठारात नोंदणी नसलेले पाते सापडले, तर आधी पोलिसांना कळवायचे आणि मग मंडळाच्या परीक्षकांकडून ते तपासून घ्यायचे, अशी रीत आहे. पाते पारंपरिक पद्धतीने घडवलेले असेल तर नोंदणी होते. युद्धकाळात यंत्रावर काढलेले असेल तर ते ठेवता येत नाही.